उन्हाळ्याची सुटी आणि बागांचा इतिहास

इंदुरात पत्ता सांगताना बाग चुकवता येत नाही. रामबाग, चिमणबाग, केसरबाग, माणिकबाग, लालबाग. शिवाय नवलखा, जेथे नऊ लाख झाडे होती असे वडीलधारी मंडळी सांगत आली. यांतील पुष्कळ ठिकाणी आज घरे व दुकाने आहेत. नावातच काय ती बाग उरली. विहीर कोठे होती, मोटेचे पाणी कोणत्या पाटाने फिरे, आमराई कोणी लावली, हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

बागांचा इतिहास हा आता रीतसर अभ्यासाचा विषय झाला आहे. वॉशिंग्टन येथील डंबार्टन ओक्स ही वास्तू व तिची बाग १९४० साली हार्वर्ड विद्यापीठाकडे आली. तेथे या विषयाच्या संशोधकांना उन्हाळ्यापुरती अभ्यासवृत्ती मिळते. उन्हाळाच का? सुटी हे एक कारण झालेच; पण जमीन कोरडी पडली की ती बोलू लागते, हे दुसरे. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात इंग्लंडातील चॅट्सवर्थच्या हिरवळीवर १६९९ सालच्या पुष्पवाटिकेची आकृती आपोआप उमटली. जुन्या वाटांवर मातीचा थर पातळ. तेथले गवत आधी करपले, इतकेच. आपल्या माळव्यातला वैशाख तर याहून सढळ हाताचा!

या अभ्यासाला इंदूरइतके चांगले पाठ्यपुस्तक शोधून सापडणार नाही, असे मला वाटते. पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. डंडी येथे १८८८ पासून ते प्राध्यापक होते. शिकवणे मात्र उन्हाळ्याचे तीन महिने. एडिंबरोत त्यांनी १८८७ पासून भरवलेले उन्हाळी वर्ग प्रसिद्ध होते. होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून ते इंदुरात आले आणि १९१८ साली त्यांचा अहवाल दोन खंडांत निघाला. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी मिरवणूक काढली, जी आळी सर्वांत स्वच्छ तिच्यातून ती नेली, प्लेगचा उंदीर मिरवला, सफाई कामगारांना मानाने चालवले. ही गोष्ट सर्वजण सांगतात आणि तेथेच थांबतात. हे मला खटकते. त्यांचे खरे काम पायी झाले. आधी गल्ल्या, विहिरी, घाट व झाडे डोळ्यांनी पाहायची, मग नकाशाला हात लावायचा, हा त्यांचा नियम. गटाराचे पाणी नदीत सोडण्यापेक्षा ते बागांना द्यावे, नदीकाठ बागांचा करावा, येथे विद्यापीठ असावे, असे त्यांनी लिहिले. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिले आलेल्या या शहराने कान्ह नदीकडे पाहून ती पाने पुन्हा उघडावीत.

पुढे १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले. पिकाचा पाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते वरखाली करीत तीनेक महिन्यांत खत करायचे, ही त्यांची रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. १९३१ च्या ग्रंथावर त्यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे, हे आपल्या मंडळींना ठाऊक असावे. गांधीजींनी १९३५ साली ती संस्था पाहिली. बागेचा इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांच्या कारंज्यांचाच नव्हे, खताच्या खड्ड्याचाही.

कान्ह नदीकाठच्या लालबागेपासून आरंभ करता येईल. तुकोजीराव द्वितीय यांच्या काळात १८८६ साली सुरू झालेला तेथील राजवाडा १९२१ साली तुकोजीराव तृतीय यांच्या वेळी पुरा झाला. पदवीधर मुलामुलींनी दोघा-दोघांनी एक बाग घ्यावी. मोजपट्टी, वही आणि पाण्याची बाटली पुरे. सकाळी नऊच्या आत काम आटपावे. जुना नकाशा मिळाल्यास तो सोबत ठेवून विहीर, हौद, जुनी झाडे यांची जागा पावलांनी मोजावी. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यावा. अंदाज व पुरावा वहीत वेगवेगळ्या बाजूंना लिहावेत. ‘नऊ लाख’ हा आकडा पहिल्या बाजूचा. माळीबुवांशी बोलताना मात्र वही मिटून ठेवावी आणि ते वाफ्याला, आळ्याला, पाण्याच्या पाळीला जे शब्द वापरतात, ते घरी आल्याबरोबर, विसरण्यापूर्वी, जसेच्या तसे उतरवून घ्यावेत.