एका कवीसाठी एक नियतकालिक

एखाद्या कवीवर ग्रंथ निघतो, फार तर विशेषांक निघतो, हे आपण पाहतो. परंतु एकाच कवीच्या जीवनाला व लेखनाला वाहिलेले संशोधनपर नियतकालिकही असते, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. अमेरिकेतील 'लँगस्टन ह्यूज रिव्ह्यू' हे असेच नियतकालिक आहे. १९८१ साली अभ्यासकांनी लँगस्टन ह्यूज सोसायटी स्थापन केली आणि १९८२ पासून हे नियतकालिक निघू लागले.

लँगस्टन ह्यूज हा कृष्णवर्णीयांचा कवी. बालपण आजीजवळ गरिबीत गेले. १९२१ साली त्याची कविता 'क्रायसिस' मासिकात छापून आली. त्याचे संपादक होते डॉ. डुबॉईस. याच डुबॉईस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. १९२५ साली वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात ह्यूज टेबलावरची उष्टी भांडी उचलत होता. तेथे जेवायला आलेल्या व्हॅचेल लिंडसे या नामवंत कवीच्या ताटाशेजारी त्याने आपल्या कविता ठेवल्या. लिंडसेंनी त्याच रात्री त्या श्रोत्यांना वाचून दाखविल्या. १९२६ साली त्याचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. पुढे 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या पत्रात त्याने १९४२ पासून सदर लिहिले. त्यातला सिंपल हा साध्यासुध्या कष्टकऱ्याचा बोलका नमुना घरोघरी पोचला. १९६७ साली ह्यूजचे निधन झाले.

आता कोणी विचारील, गेलेल्या कवीवर इतका कागद कशाला खर्ची घालायचा? याला एक उदाहरण पुरे आहे. ह्यूजचा जन्म १९०२ चा, असे तो स्वतः सांगत असे आणि सगळे चरित्रकारही तसेच लिहीत. २०१८ साली कॅन्ससचे कवी एरिक मॅकहेन्री यांनी दाखवून दिले की, टोपेका येथील कृष्णवर्णीयांच्या एका लहान वृत्तपत्रात १९०१ सालीच बाळ लँगस्टनचा उल्लेख आहे. म्हणजे जन्मसालच एक वर्षाने मागे गेले! मोठ्या पत्रांनी ज्याची दखल घेतली नसती, ते वस्तीच्या चिमुकल्या पत्राने टिपून ठेवले होते.

ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, त्याला आपली नोंद आपणच ठेवावी लागते. ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्यांच्याकडून लढा घेतला, तशी नोंद ठेवण्याची ही शिस्तही घ्यायला हवी. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांची गाणी हजारो कंठांत आहेत. पण कंठातले गाणे त्या कंठाबरोबर जाते. गावोगावच्या जलसाकारांच्या वह्या, भित्तीपत्रके, पत्रे अजूनही ट्रंकांत आणि माळ्यावर पडून असतील. दिवाळीची साफसफाई करताना ती रद्दीत जाऊ देऊ नका. वहीवर शाहिराचे नाव, गाव आणि साल लिहा, म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. घरातल्या शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने एका रविवारी एवढे काम केले, तरी उद्याच्या अभ्यासकाला ते पुरून उरेल.