आवाजाचा पंचनामा

लेखमाला : रस्त्याकाठचे जगणे (भाग ५)

पावसाळ्यात भातसा नदी भरून वाहू लागली की सापगावच्या पुलाकडे सगळ्यांचे डोळे लागतात. जुलै २०२१च्या पुरात या पुलाचे नुकसान झाले आणि शहापूरहून किन्हवली-मुरबाडकडे जाणाऱ्यांचे हाल झाले. पुराने काय नेले ते दिसते. बांध फुटला, भिंत पडली की तलाठी येतात, पंचनामा होतो. त्याच रस्त्यावरून बारा महिने जाणारी वाहने काठावरच्या घरांतली झोप नेतात, शाळेतल्या मुलांचे लक्ष नेतात. त्याचा पंचनामा मात्र कोणी करत नाही. मागच्या भागात आपण रस्त्यावरची धूळ पाहिली. धूळ निदान ओट्यावर बसते, बोटाला लागते. आजचा विषय बोटालाही लागत नाही : वाहनांचा आवाज.

आवाज होतो कुठे?

सावकाश जाणाऱ्या गाडीचा आवाज मुख्यतः इंजिनाचा आणि सायलेन्सरचा. वेग वाढला की टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज वरचढ होतो. मोटारीत हा बदल ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आसपास होतो, अवजड वाहनांत बराच पुढे. म्हणून चढावर गिअर बदलणारा भरलेला ट्रक इंजिनाने ओरडतो, तर महामार्गावरचा एकसारखा घोंगाट बराचसा टायरचा असतो. त्यात खड्डे आणि गतिरोधक यांची भर. रिकामा डंपर गतिरोधकावरून वेगात गेला की मागचा फाळका जो दणका देतो, तो ऐकून पाळण्यातले मूल दचकते. या सगळ्यावर कडी करतो तो प्रेशर हॉर्न.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबलचे गणित साध्या बेरजेसारखे चालत नाही. एका ट्रकचा आवाज ८० डेसिबल असेल, तर तसेच दोन ट्रक शेजारी आल्यावर १६० होत नाहीत, ८३ होतात. आकडा दहाने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे ५५ आणि ६५ यांतला फरक किरकोळ समजू नये.

खेड्यात आवाज कमीच, असे आपण धरून चालतो. दिवसभराची सरासरी काढली तर ते खरेही ठरेल. पण झोप मोडते ती सरासरीने नव्हे, शांततेतून अचानक उसळणाऱ्या आवाजाने. शहरात रात्रीही एक गुणगुण चालू असते, तिच्यात एखादी गाडी मिसळून जाते. गावात दोन वाजता रातकिड्यांशिवाय काही ऐकू येत नसते, तेव्हा एकच हॉर्न साऱ्या आळीला जागे करतो. शिवाय निरभ्र थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहिल्याने वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. थंडीत पहाटे लांबची रेल्वेगाडी अगदी घरामागून गेल्यासारखी वाटते, ती याच कारणाने.

‘सवय झाली’ म्हणजे काय झाले?

रस्त्याकाठच्या कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले आहे : ‘आता सवय झालीय.’ ते खोटे बोलत नाहीत. मनाला खरोखरच सवय होते. शरीराला मात्र ती फारशी होत नाही. झोपेतही कान चालू असतो. मोठा आवाज आला की मेंदू त्याला धोक्याची सूचना समजतो, ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके सुटतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. माणूस जागा झाला नाही तरी हे घडते, सकाळी आठवत नाही एवढेच. गाढ झोपेचे असे तुकडे वर्षानुवर्षे पडत राहिले की उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. दिवसा शेतात राबून आलेल्या माणसाला झोप हेच पहिले औषध, आणि आपण त्यातच पाणी घालतो आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११च्या अहवालाचा अंदाज असा की, एकट्या पश्चिम युरोपात वाहतुकीच्या आवाजामुळे दर वर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात. २०१८मध्ये संघटनेने युरोपसाठी मर्यादा सुचवली : रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज दिवस-रात्र मिळून ५३ डेसिबलच्या आणि रात्री ४५च्या आत असावा.

मुलांचे नुकसान वेगळे. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाला लागून एक शाळा होती. मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५मध्ये दाखवून दिले की, मार्गाच्या बाजूच्या वर्गांतली मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती. सहावीपर्यंत हे अंतर जवळपास एका वर्षाचे झाले होते. पुढे रुळांखाली रबर बसवले, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे आवरण लावले, आणि दोन्ही बाजूंच्या मुलांतला फरक नाहीसा झाला. मुले तशीच होती, गुरुजी बोलताना त्यांना ऐकू येऊ लागले इतकेच. शाळेची खिडकी रस्त्याकडे उघडत असेल तर हा प्रयोग आपल्यासाठीच झाला आहे असे समजावे.

रान ऐकते

शहापूर तालुका म्हणजे तानसा अभयारण्याचाही तालुका. रानपिंगळा हे छोटे घुबड शंभरहून अधिक वर्षे नामशेष मानले जात होते. ते १९९७मध्ये नंदुरबार भागात पुन्हा सापडले आणि २०१४मध्ये तानसाच्या जंगलातही आढळले. पक्षी हाकेवर जोडी जमवतात, हाकेवर हद्द राखतात, हाकेनेच धोका कळवतात. पहिल्या पावसात डराव डराव करणारा बेडूकही मादीलाच बोलावत असतो. ही हाक बुडाली तर?

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉइझीच्या संशोधकांनी रस्ताच नसलेल्या एका डोंगरकडेवर ध्वनिवर्धक लावून नुसता वाहतुकीचा आवाज वाजवला. गाडी नाही, धूर नाही, डांबर नाही. २०१३मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की, आवाज चालू असताना तिथल्या पक्ष्यांची संख्या एक चतुर्थांशाहून अधिक घटली. रस्ता जितका रुंद दिसतो, त्याहून कितीतरी रुंद त्याचा आवाज असतो.

कायदा आहे, मोजमाप नाही

ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल ही मर्यादा, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री निवासी भागात अपवादात्मक प्रसंगाशिवाय हॉर्न वाजवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५मध्येच बजावले. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-फ नुसार पहिल्या वेळी १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६मध्ये सविस्तर निकाल दिला. राज्यातल्या २७ महापालिका शहरांत आवाजाचे नकाशेही तयार झाले. हे काम मोलाचे आहे. पण महापालिकेची हद्द संपली की नकाशाही संपतो. सापगाव, लेनाड, किन्हवली त्यात नाहीत. जे मोजले जात नाही त्याची तक्रारही ठोसपणे मांडता येत नाही.

आणखी एक गोष्ट ग्रामपंचायतींनी लक्षात घ्यावी. शाळा आणि दवाखाना यांच्याभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र होत नाहीत. २०१७च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसे जाहीर करावे लागते. म्हणजे गावाने मागणी केलीच पाहिजे.

उपायांतही नीट निवड हवी. झाडांच्या एका ओळीने सावली मिळते, आवाज फारसा अडत नाही. तो अडतो भक्कम आडोशाने : दगडी भिंत किंवा रस्ता नजरेआड करील एवढा उंच मातीचा बांध. वस्तीतून जाताना वेग कमी, खड्डे वेळेवर बुजवलेले आणि गतिरोधक मापात, एवढ्यानेही रात्र हलकी होते. घर बांधताना निजायची खोली रस्त्याकडे न काढता मागच्या अंगाला काढावी.

सुरुवात मात्र वहीपासून व्हावी. घरातल्या एका मोठ्या माणसाने एक रात्र काढावी. दहा ते सहा, दर तासाला किती अवजड वाहने गेली, किती हॉर्न वाजले, किती वेळा घरातले कोणी दचकले, एवढेच लिहावे. फोनवरच्या ॲपने डेसिबलचा अंदाज मिळतो, तोही शेजारी टिपावा. दहा घरांच्या अशा दहा वह्या ग्रामसभेपुढे ठेवल्या तर ठरावाला आधार मिळतो आणि पुढे अधिकृत मोजणी मागता येते. पुराचा पंचनामा पाणी ओसरल्यावर होतो. हा पूर ओसरणारा नाही, म्हणून त्याचा पंचनामा पाण्यात उभे राहूनच करावा लागेल.

(पुढील आठवड्यात : रस्त्याकाठच्या विहिरी आणि पावसाबरोबर वाहून येणारे तेल)