श्वान-मांजरांतील थायरॉईड विकार : प्रत्येक केसगळती खरूज नव्हे

बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधील सदनिकेतला श्वान असो वा शेतावरील राखणदार, मध्यम वयात तो सुस्त व लठ्ठ झाला आणि दोन्ही कुशींवरील केस सारखेच गळू लागले, तर खरूज समजून मलम लावले जाते. खाज नसल्यास मात्र थायरॉईड संप्रेरकाच्या कमतरतेची शंका घ्यावी. मांजरांत याउलट उतारवयात संप्रेरक वाढते. भरपूर खाऊनही वजन घटते.

अन्य आजारांतही टी-४ कमी आढळते. म्हणून श्वानाच्या रक्ताची टीएसएचसह तपासणी करावी. श्वानास लेव्होथायरॉक्सिन बहुधा आजन्म लागते, तर मांजरास मेथिमॅझोल देतात. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. माणसाची मात्रा श्वानास लागू पडत नाही. ४ ते ८ आठवड्यांनी फेरतपासणी आवश्यक आहे. केस पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. तोवर उपचार थांबवू नयेत.