जीप सुरू होत नाहीं तेव्हां

पावसाळ्याचे चार महिने ताडपत्रीखालीं काढलेली जीप बाहेर ओढली जाते, मंडळी डबे-वळकट्या घेऊन तयार असतात, आणि चालक पायानें स्टार्टरची कळ दाबतो. आंतून ‘टक्’ असा एक आवाज येतो; पुढें कांहीं नाहीं. तो पुन्हां दाबतो, मग अधिक जोरानें दाबतो, जणूं पायाच्या बळावरच इंजिन फिरावयाचें आहे! पांच मिनिटांत बॅटरीत जें थोडें त्राण शिल्लक होतें तें संपतें, आणि दोष कोठें आहे हें शोधण्याचें साधनच हातचें जातें.

येथें विचार करावयाचा तो दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपचा. १९४१ ते १९४५ या काळांत विलीज कंपनीनें अशा सुमारें ३,६०,००० गाड्या बांधल्या. फोर्डच्या कारखान्यांतूनहि त्याच नमुन्याच्या पुष्कळ निघाल्या. युद्धानंतर त्यांतील कित्येक हिंदुस्थानांतच राहिल्या, आणि कांहीं आजहि हौशी लोकांनीं जपून ठेवल्या आहेत. इंजिन चार सिलिंडरांचें, ६० अश्वशक्तीचें, आणि साधें. त्यांत जें बिघडतें तें डोळ्यांना दिसतें, नाकाला कळतें, नाहींतर बोटाला लागतें.

पहिला प्रश्न बॅटरीला विचारावा. समोरचे दिवे लावून क्षणभर कळ दाबावी. दिवे मुळांतच मिणमिणते असतील तर बॅटरी उतरली आहे. प्रथम लख्ख असून कळ दाबतांच विझत असतील तर एखादा सांधा मळला किंवा ढिला झाला आहे. दिवे जसेच्या तसे राहिले आणि स्टार्टर हललाच नाहीं, तर वीज तेथवर पोंचतच नाहीं. दोष कळींत किंवा तारेंत शोधावा.

सांध्यावरील मळाचें एवढें माहात्म्य कां, हें समजून घेण्याजोगें आहे. आजच्या मोटारींना १२ व्होल्टांची बॅटरी असते. या जीपला अवघी ६ व्होल्टांची. तेवढ्याच कामाला हिला दुप्पट प्रवाह खेंचावा लागतो. समजा, स्टार्टरकडे १५० अँपिअर प्रवाह चालला आहे आणि वाटेंतील एका मळक्या सांध्याचा रोध ओहमचा केवळ शंभरावा भाग आहे. तरी दीड व्होल्ट, म्हणजे एकंदर दाबाचा चौथा हिस्सा, तेथेंच खर्चीं पडतो. म्हणून नवी बॅटरी विकत आणण्यापूर्वीं तारांचीं टोकें सोडवून तीं चकाकेपर्यंत घासावीं. पांढरट-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें निघतो. गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तार पहिल्यानें काढावी, म्हणजे पान्याचा धक्का लागून ठिणगी उडत नाहीं. तिचें सांगाड्याकडील टोकहि घासावें. तें बहुधा विसरलें जातें.

बॅटरी उतरलेलीच असेल तर पुढें हँडल आहे. गिअर सोडवून हातब्रेक लावावा, आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावें. वरून खालीं रेटूं नये. इंजिनानें उलट झटका दिला तर मूठ आपोआप उघडते. आंगठा आड आला तर तो मोडतो, कधीं मनगटहि जातें.

इंजिन नीट फिरतें पण पेटत नाहीं, अशी स्थिति असेल तर ठिणगी पाहावी. एका प्लगची तार काढून, तिचें रबरी वेष्टन धरून, धातूचें टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाव इंचावर न्यावें आणि इंजिन फिरवावें. जवळपास पेट्रोल सांडलेलें नसावें. निळसर, कडकडणारी ठिणगी पडली तर ठीक. पिंवळट किंवा मुळींच नाहीं, तर डिस्ट्रिब्यूटरचें झांकण उघडावें. कोंकणांत किंवा घाटावर पावसाळा काढलेल्या गाडीच्या झांकणांत दमट हवेचें पाणी सांठतें. तें कोरड्या फडक्यानें पुसावें. आंतील पॉइंट्सवर पुटें चढतात. तीं हलक्या हातानें घासून दोहोंमधील फट सुमारें अर्धा मिलिमीटर ठेवावी.

ठिणगी आहे, तरी इंजिन गप्प. मग उरलें पेट्रोल. उग्र वास येत असेल तर चोक फार ओढला गेला आहे. तो आंत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन फिरवावें. वास मुळींच नसेल तर पेट्रोल कार्बुरेटरपर्यंत येतें काय तें पाहावें. जुनें पेट्रोल वाळून चिकट होतें आणि बारीक छिद्रें बुजवितें. शिवाय आतां एक नवी अडचण आहे: २०२५ सालीं भारतांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण शेकडा २० पर्यंत पोंचलें. इथेनॉल पाणी शोषतें, आणि त्या काळच्या पंपांतील रबरी पडद्याला तें मानवत नाहीं. असा पडदा बदलूनच घ्यावा.

घाट चढून तापलेली जीप थांबल्यावर पुन्हां सुरू होत नाहीं, तो प्रकार निराळा. टांकी चालकाच्या बैठकीखालीं. तेथून पंपाला पेट्रोल ओढून आणावें लागतें, आणि ओढीमुळें दाब कमी झाला कीं तें नळींतच उकळतें. पंप वाफ ओढीत बसतो. अशा वेळीं कळ दाबीत न राहतां पंपावर व नळीवर ओलें फडकें गुंडाळावें आणि अर्धा तास थांबावें; मंडळींनीं तोंवर झाडाखालीं डबे उघडले तरी चालेल.