स्वयंपाकघराशेजारची कचेरी

"ताई, पोळ्यांच्या गडबडीत एकच बिल दोनदा चढवलं हो मी!" माझी धाकटी जाऊ रडवेली होऊन सांगत होती. ती बी.कॉम. आहे. आमच्या गावातल्या एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत काम करते. 2020 च्या टाळेबंदीत कचेरीचं काम घरी आलं, आणि पुढे मुलगी लहान म्हणून आठवड्यातले तीन दिवस घरूनच चालू राहिलं. चूक वेळेवर सापडली, जीएसटीचं विवरणपत्र भरायच्या आधीच दुरुस्तही झाली. पण साहेब म्हणाले, "उद्यापासून रोज इथे या. घरी बसून कामं होत नाहीत."

खरंच होत नाहीत का, मैत्रिणींनो?

चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीने फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर नऊ महिने प्रयोग केला होता. घरून करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं! पुढे याच कंपनीने आठवड्यातून दोन दिवस घरून काम देऊन पाहिलं. 2024 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कामात घट नाही, आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी. मात्र पहिल्या प्रयोगात एक अट होती. घरी कामासाठी स्वतंत्र खोली हवी.

इथेच तर आपलं घोडं अडतं. जाऊबाईंची कचेरी म्हणजे जेवणाचं टेबल. भाजीवाला आला, हिने उठायचं. दळण आणायचं, हिनेच. "तू घरीच आहेस ना!" हे वाक्य दिवसातून दहादा. दोष घरून काम करण्याचा नव्हता, घरात त्या कामाला काम न मानण्याचा होता.

मी तिला म्हटलं, "रडू नकोस, वही घाल." पंधरा दिवस तिने लिहून ठेवलं, कुठल्या वेळी किती नोंदी झाल्या, कितीदा उठावं लागलं. वही बोलकी निघाली. पहाटेच्या दोन तासांत दुपारच्या चार तासांइतकं काम होत होतं. ती वही तिने आधी घरात दाखवली, मग साहेबांना.

साहेबही हिशेबी माणूस. हाताखाली तयार झालेली बाई गेली, तर नव्या मुलीला शिकवण्यात वर्ष जातं, हे त्यांना ठाऊक. ठरलं असं: महिन्याची 7 तारीख टीडीएसची, 11 आणि 20 जीएसटीची. या तारखांच्या आधीचे दोन दिवस कचेरीत, कारण उशीर झाला तर गिऱ्हाइकाला जीएसटीचा दंड दिवसाला 50 रुपये. बाकी दिवस घरून. मोजायचं ते किती वह्या पुऱ्या झाल्या हे, किती तास खुर्ची अडवली हे नाही.

तुम्हीही असं काम करत असाल, तर चार गोष्टी सांभाळा.

कामाची वेळ घरात सगळ्यांना सांगा, आणि त्या वेळेत दार कोण उघडणार तेही ठरवा.

गिऱ्हाइकांचे कागद कुलपात ठेवा. लहान गावात सगळे ओळखीचे. "त्या दुकानदाराची विक्री किती गं?" असं नवऱ्याने विचारलं, तरी हसून गप्प बसा.

जेवणं आटोपल्यावर रात्री बारापर्यंत बसायची सवय लावून घेऊ नका. डोळे मिटायला लागले की आकडे चुकतात.

आणि जे ठरेल ते कागदावर लिहून घ्या. 2017 मध्ये प्रसूती रजेनंतर मालकाच्या संमतीने घरून काम करण्याची तरतूद कायद्यात आली खरी, पण दहाहून कमी माणसांच्या कचेऱ्या त्यातून सुटतात. तिथे सारं शब्दावर चालतं.

परवा सकाळी मी जाऊबाईंकडे गेले, तर दार सासूबाईंनी उघडलं. तोंडावर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "बस जरा. तिची कचेरी चालू आहे."