स्वीडनच्या रस्त्यांवरील वेगाची शिस्त

उत्तर युरोपातील स्वीडन हा देश विस्ताराने मोठा, परंतु वस्तीने विरळ आहे. तेथील लोकसंख्या एक कोटीहून थोडी अधिक. लांबच लांब रस्ते, दुतर्फा दाट अरण्ये, हिवाळ्यात बर्फ आणि दिवसाचा उजेड अवघा काही तास, अशा परिस्थितीत तेथे वाहने चालवावी लागतात. तरीही लोकसंख्येच्या मानाने रस्त्यांवरील मृत्यूंचे प्रमाण अत्यल्प असलेल्या देशांत स्वीडनची गणना होते. ही स्थिती पूर्वीपासून नव्हती. १९६६ साली तेथे १,३१३ व्यक्ती रस्त्यांवरील अपघातांत मरण पावल्या होत्या. १९९७ मध्ये ही संख्या ५४१ वर आली, तर २०२० मध्ये २०४ पर्यंत उतरली. या काळात वाहनांची संख्या मात्र वाढतच गेली. हा बदल कोणत्या उपायांनी घडून आला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

एका रात्रीतील बदल

१९६७ पर्यंत स्वीडनमध्ये आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने चालत. शेजारी देशांत मात्र उजव्या बाजूचा नियम होता. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के मतदारांनी बदलास विरोध केला, तरीही १९६३ मध्ये संसदेने तो निर्णय घेतला. त्यानुसार ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता साऱ्या देशाने रस्त्याची बाजू बदलली. त्यासाठी लोकशिक्षणाची मोठी मोहीम आखण्यात आली होती. प्रत्येक जण जपून वाहन चालवू लागल्याने आरंभी अपघात कमी झाले. परंतु नवेपणा ओसरला आणि सुमारे दोन वर्षांत अपघातांचे प्रमाण पूर्वपदावर आले. केवळ सावधगिरीच्या आवाहनावर सुरक्षितता फार काळ टिकत नाही, तिला कायमस्वरूपी व्यवस्थेची जोड द्यावी लागते, हे या अनुभवावरून दिसून आले.

चुकीची किंमत प्राणांची नसावी

१९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने ‘शून्य मृत्यू’ हे वाहतुकीचे अधिकृत धोरण म्हणून स्वीकारले. क्लेस टिंगव्हाल हे या धोरणाचे एक प्रमुख शिल्पकार होत. माणूस चुकणारच, परंतु त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, हे त्यामागील सूत्र आहे. नियम पाळणे हे चालकाचे कर्तव्य आहेच. मात्र रस्ता आखणारे, वेगमर्यादा ठरविणारे आणि वाहने बनविणारे यांच्यावरही तितकीच जबाबदारी येते.

या विचारात वेगाला मध्यवर्ती स्थान आहे. वेग वाढला की आघाताची शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरऐवजी ५० किलोमीटर वेगाने धडक बसली, तर आघात पावणेतीन पटींहून अधिक होतो. शिवाय चालकाला धोका जाणवून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात वाहन ताशी ३० च्या वेगाने सुमारे ८ मीटर आणि ५० च्या वेगाने सुमारे १४ मीटर पुढे गेलेले असते. रस्त्यात अचानक आलेल्या मुलाच्या दृष्टीने हे सहा मीटर जीवनमरणाचे असतात. म्हणूनच जेथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात, तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा इष्ट मानली जाते. १९९८ पासून वस्तीच्या भागात अशी मर्यादा लागू करण्याचा अधिकार तेथील नगरपालिकांना देण्यात आला.

गावाबाहेरच्या रस्त्यांवर समोरासमोरच्या टकरी हा मोठा धोका होता. त्यावर १९९८ मध्ये नवी रचना योजण्यात आली. रस्त्याचे तीन पट्टे करून मध्यभागी पोलादी दोरांचा कठडा उभारला जातो आणि पुढे जाण्यासाठीचा जादा पट्टा काही अंतराने आळीपाळीने दोन्ही बाजूंना मिळतो. अशा रस्त्यांवर मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटले.

आगाऊ सूचना देणारा कॅमेरा

वेगावर नजर ठेवण्याची तेथील पद्धत परदेशी प्रवाशाला प्रथम चकित करते. रस्त्याकडेला दोन हजारांहून अधिक कॅमेरे आहेत, परंतु ते लपविलेले नाहीत. कॅमेरा येण्यापूर्वी निळ्या पाटीवर त्याचे चित्र दिसते. आधीच सांगितले तर अपराधी सापडणार कसा, अशी शंका येथे साहजिक आहे. तिचे उत्तर असे, की चालकाने धोक्याच्या जागी वेग कमी करावा, हाच या योजनेचा हेतू आहे. पाटी पाहून वेग उतरला की तो सफल होतो. दंडाची रक्कम किती जमली, हे येथे यशाचे माप नव्हे.

मर्यादा ओलांडणाऱ्या वाहनाचे व चालकाच्या चेहऱ्याचे छायाचित्र उत्तर ध्रुववृत्तापलीकडील किरूना येथील पोलिस विभागाकडे जाते. दंड वाहनाच्या मालकाला नव्हे, तर प्रत्यक्ष चालकाला होतो. त्यामुळे चेहऱ्याची ओळख न पटल्यास प्रकरण सोडून द्यावे लागते. ही या पद्धतीतील उणीव होय.

कॅमेऱ्याखेरीज पोलिसांची गस्तही असते. मर्यादेपेक्षा ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेग आढळल्यास साधारणपणे परवाना काही काळ काढून घेतला जातो. मद्यपानाबाबत नियम अधिक कडक आहे. रक्तातील मद्यार्काची मर्यादा १९९० पासून दर हजारी ०.२ इतकी अल्प असून, संशय नसतानाही कोणत्याही चालकाची श्वासतपासणी करता येते.

परवान्यापूर्वीचे शिक्षण

सोळाव्या वर्षापासून देखरेखीखाली सराव करता येतो, मात्र मोटारीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. त्यापूर्वी मद्य, थकवा आणि अतिवेग यांचे परिणाम समजावून देणारा अभ्यासक्रम सक्तीचा असतो. निसरड्या रस्त्यावर वाहन कसे हाताबाहेर जाते, याचा अनुभवही खास मार्गावर दिला जातो. परवाना मिळाल्यानंतरची पहिली दोन वर्षे परीक्षेचीच असतात. त्या काळात तो रद्द झाला, तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

शून्याचे उद्दिष्ट अद्याप गाठलेले नाही. अनेक चालक आजही मर्यादा ओलांडतात. तरीही १९६६ आणि २०२० या वर्षांतील आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्याचा अर्थ दरवर्षी हजाराहून अधिक माणसे सुखरूप घरी परतली असा होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक मंत्रिस्तरीय परिषदेने वस्तीच्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरच्या मर्यादेचा पुरस्कार केला. शाळेसमोरचा किंवा गावातून जाणारा रस्ता कोणत्याही देशातील असो, तेथील वेग वाहनाच्या क्षमतेवरून नव्हे, तर चालत जाणाऱ्या माणसाच्या सहनशक्तीवरून ठरावा, हेच स्वीडनच्या अनुभवाचे सार होय.