जादा पायांचा बेडूक काय सांगतो?

ऑगस्ट १९९५ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शाळेची काही मुले सहलीला एका शेतालगतच्या तळ्यावर गेली होती. बेडूक पकडता पकडता ती थबकली. कुणाला मागचा एक पायच नाही, कुणाचा पाय वाकडा. हाती आलेल्या बेडकांपैकी जवळजवळ निम्मे असे. बातमी देशभर पसरली. बेडकाची कातडी पातळ. पाण्यात जे असेल ते तिच्यातून आत झिरपते. म्हणून लोकांच्या मनात पहिला प्रश्न आला, आज बेडूक, उद्या आमची मुले तर नाहीत?

संशय कीटकनाशकांवर गेला, सूर्याच्या अतिनील किरणांवर गेला. पण आणखी एक शक्यता होती. कॅलिफोर्नियात जादा पायांचे बेडूक आधीच सापडले होते. स्टॅन्ली सेशन्स या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये सुचवले होते, की बेडकाच्या पिल्लाला पाय फुटतात तिथेच एक परजीवी कृमी घर करतो आणि पायाची घडण बिघडवतो.

पीटर जॉन्सन तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होते. कॅलिफोर्नियातली तळी पालथी घालताना त्यांच्या लक्षात आले, की व्यंग असलेले बेडूक जिथे आहेत, तिथे एका विशिष्ट जातीची गोगलगाय हटकून आहे. तिच्या पोटात ‘रिबेइरोया’ नावाचा चपटा कृमी वाढत होता. मग त्यांनी प्रयोगशाळेत बेडकाची शेपटीवाली पिल्ले घेतली. काहींच्या पाण्यात कृमीच्या १६ अळ्या सोडल्या, काहींच्या ३२, काहींच्या ४८. काहींच्या पाण्यात एकही नाही. ज्यांना अळ्यांचा स्पर्श झाला नाही, त्यांचे पाय धड निपजले. बाकीच्यांत जे जगले, त्यांतल्या बहुतेकांना व्यंग आले. हे संशोधन १९९९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या कृमीचा संसार तीन घरांत चालतो. गोगलगायीतून बाहेर पडलेली अळी बेडकाच्या पिल्लात शिरते; कधी माशातही शिरते. लंगडा बेडूक पळू शकत नाही, बगळ्याच्या चोचीत सहज सापडतो. बगळ्याच्या पोटात कृमी मोठा होतो, अंडी घालतो. विष्ठेतून ती अंडी पाण्यात पडतात, त्यांतून निघालेली पिल्ले पुन्हा गोगलगाय गाठतात. बेडकाचे लंगडेपण कृमीच्या पथ्यावरच पडते.

एवढे कळल्यावर पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. दोष कृमीचा, म्हणजे निसर्गाचा, आपण मोकळे! पण जॉन्सन तिथे थांबले नाहीत. कृमी तर जुनाच आहे, मग काही तळ्यांतच तो इतका का माजतो? पुढे कोलोरॅडो विद्यापीठात काम करताना २००७ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले, की पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढले की शेवाळ माजते. शेवाळावर गोगलगायी पोसतात आणि प्रत्येक गोगलगायीतून अळ्याही अधिक निघतात. हे नायट्रोजन-फॉस्फरस येते कुठून? शेतातल्या खतातून, गुरांच्या शेणामुतातून. म्हणजे कृमीच्या ताटात वाढणारे हात आपलेच!

२०१३ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. कॅलिफोर्नियातल्या ३४५ पाणथळ जागांची पाहणी आणि जोडीला प्रयोग. ज्या तळ्यात उभयचरांच्या जाती कमी, तिथे रोगाला चटकन बळी पडणारे बेडूकच प्रामुख्याने उरतात. जाती अनेक असतील, तर पुष्कळ अळ्या कृमीला दाद न देणाऱ्या प्राण्यांत शिरून वाया जातात. अशा नांदत्या तळ्यांत कृमीचा प्रसार सुमारे ७८ टक्क्यांनी कमी आढळला.

प्रत्येक व्यंगामागे हाच कृमी असतो, असे नाही. काही ठिकाणी चतुरांच्या पाण्यातल्या अळ्या पिल्लांचे पाय कुरतडतात. म्हणून प्रत्येक तळ्याची चौकशी वेगळी करावी लागते. मात्र रोगाचा जंतू सापडला म्हणजे रोगाचे कारण पुरते सापडले, असे मानू नये. खत आणि शेण पाण्यात उतरू न देणे आणि बिनकामाचे वाटणारे जीवही तळ्यात टिकू देणे, हे औषध बेडकाच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे.